रागाचा ठोकळा

४ जून

धाकटे,

तुझा पत्ता कुलूपवाल्याकडून घेतला. "देतो ताई, पण मी दिला असं लिहू नका," म्हणाला. म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. लपवाछपवी मला आवडत नाही. त्याच्यावर चिडू नकोस. बाबांच्या वर्कशॉपच्या भिंतीला भिंत लावून त्याने उभा जन्म काढला. दोन्ही बाजूंशी बोलणं ठेवायची त्याला सवय आहे.

कामाचं असं. बाबांचा रागाचा ठोकळा तुझ्याकडे आहे. तो पाठव.

कशासाठी, ते सांगते. बाबांची आठवण विरत चालली आहे. सकाळी ते मला ताई म्हणतात, दुपारी बाई म्हणतात आणि संध्याकाळी विचारतात, "तुमचे दांडे तयार आहेत, न्यायला कोण येणार?" म्हणजे तोवर मी गिऱ्हाईक झालेली असते. त्याचं मी मनाला लावून घेत नाही. गिऱ्हाइकांशी ते नेहमीच घरच्यांपेक्षा गोड बोलायचे.

प्रश्न हातांचा आहे. डोकं थकलं, हात थकले नाहीत. खुर्चीत बसल्या बसल्या उजवा अंगठा डाव्या मनगटावर घासत राहतात, कातडी सोलवटेपर्यंत. पट्टी बांधली तर ती सोडतात, तिची व्यवस्थित गुंडाळी करतात आणि माझ्या हातात देतात. डॉक्टर म्हणाले, जखम चिघळली तर या वयात भारी पडेल. हातांना काहीतरी चाळा द्या, नाहीतर जाड हातमोजे घालून मनगटाशी बांधून टाकावे लागतील. हे सांगताना ते स्वतः पेनाचं बटण सारखं दाबत होते. मी पेन काढून घेतलं नाही.

रबरी चेंडू दिला. मऊ कापड दिलं. मणी दिले, ते त्यांनी मावशींना देऊन टाकले. मावशी म्हणजे दिवसा त्यांच्याजवळ बसायला येतात त्या बाई; कामाला चोख, बोलायला त्याहून चोख. मग मोहरीने भरलेली बरणी दिली, हात बुडवून बसावं म्हणून. ती त्यांनी उपडी केली. मोहऱ्या अजून सापडताहेत. मोहरीच का, ते विचारू नकोस.

ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातांसाठी अवजारांच्या लाकडी मुठी आणि दांडे केले, त्याचे हात बांधायचे नाहीत, असं मी ठरवलं आहे. ठोकळा कापडात गुंडाळून पाठव. बाकी इकडे ठीक.

ताई


१९ जून

धाकटे,

उत्तर नाही. मीही दिलं नसतं.

मावशींनी विचारलं, "ताई, त्या ठोकळ्यात आहे तरी काय? सोनं भरलंय?" मी सांगायला गेले आणि लक्षात आलं, की या गोष्टी बाहेरच्या माणसाला सांगितल्या की खुळ्यासारख्या वाटतात. तुला पटवून द्यावं लागणार नाही, म्हणून तुला लिहिते.

वर्कशॉपच्या दाराशी ते खोकं आठवतं ना, कापून उरलेल्या तुकड्यांचं? घरातलं कोणी कपाळाला आठ्या घालून आत आलं, की बाबा लाकूड कातायच्या लेथवरून मान वर न करता म्हणायचे, "आधी घास, मग बोल." मग खोक्यातला एक ठोकळा उचलायचा, काचपेपरचा तुकडा घ्यायचा आणि स्टुलावर बसायचं. आधी जाड दाण्याचा काचपेपर, मग बारीक. ठोकळा गालाला लावून पाहायचा. गालाला टोचेनासा झाला, की तोंड उघडायची परवानगी. तोवर निम्मी तक्रार भुशात गेलेली असायची आणि उरलेली सांगायची लाज वाटायची.

तुझे ठोकळे कधी पुरे व्हायचे नाहीत. तू मधेच उठून बोलायला लागायचीस आणि बाबा तुला परत बसवायचे. माझे चटकन व्हायचे. बाबा म्हणायचे, "हिचा राग फूटपट्टी लावून मोजून घ्यावा." आईला तर सूटच नव्हती. ती हातात झारा घेऊन भांडायला यायची आणि ठोकळा घेऊन परत जायची. तिने आपला ठोकळा जन्मभर अर्धाच घासला. "पुरा केला तर यांच्यावर रागवायचं कशाला?" असं म्हणायची. तो तिच्या उशाशी असायचा. तिच्याबरोबरच गेला.

आणि बाबांचा तो शिसवीचा. अंगठ्याने घासून घासून त्याला खळगा पडला होता, चिमूटभर मीठ मावेल एवढा. बिलं थकली, पुराचं पाणी लेथपर्यंत आलं, आई आजारी पडली, बाबांचा अंगठा त्या खळग्यात. त्यांचा आवाज चढलेला मला आठवत नाही. तू म्हणशील, आवाजच आठवत नाही. तेही खरं.

तू घर सोडलंस त्या दिवशी मी वर्कशॉपच्या दारात उभी होते. आई जाऊन महिनाही झाला नव्हता. तू विचारलंस, "वर्कशॉप मला चालवायला देणार की नाही, एवढं सांगा." बाबा घासत राहिले. तू पुन्हा विचारलंस. ते घासत राहिले. मग तू त्यांच्या हातातून ठोकळा ओढून घेतलास आणि म्हणालीस, "आज आधी बोला, मग घासा." तरी ते बोलले नाहीत. तू ठोकळा घेऊन निघून गेलीस आणि बाबांनी दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला कुलूप लावलं. ते अजून तसंच आहे. एकटीने ते यंत्र चालवावं की नाही, याबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. त्यावर आपण भांडू, पण समोरासमोर. पत्रात भांडायला मजा येत नाही.

मोहरीचं आता सांगूनच टाकते. बियाणं तपासणीच्या आमच्या प्रयोगशाळेत नमुन्यांच्या पिशव्या रांगेने लावलेल्या असायच्या. वरिष्ठांशी बैठक असली, की मी आधी नमुने पाहायला म्हणून आत जायची, दार लोटून घ्यायची आणि मोहरीच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घालून उभी राहायची. मोहरी थंड असते, धाकटे. पाण्यासारखी सरकते आणि हात कोरडा राहतो. बाहेर आले की कोणाची छाती होत नसे माझ्याशी हुज्जत घालायची. एकदा शिपायाने पाहिलं. मी म्हटलं, "ओलावा तपासते आहे." तो म्हणाला, "रोज तपासावा लागतो का, बाई?" मी म्हटलं, "तुमच्यासारखी माणसं असली की रोज." निवृत्त होताना सगळ्यांनी मिळून मला घड्याळ दिलं आणि त्याने वेगळी, किलोभर मोहरी. बाबांनी उपडी केली ती तीच.

तुझी सवय मात्र सगळ्यांत वाईट होती. ठोकळा नाही, मोहरी नाही, तुला माझा कान लागायचा. शाळेत जायला लागलीस तरी माझ्या डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळल्याशिवाय तुला झोप यायची नाही. मी हात झटकायची. तू परत धरायचीस. "तुझा कान थंड असतो," म्हणायचीस. त्या पाळीला मी कधी डूल घातला नाही, तुला टोचेल म्हणून. लोक विचारायचे, एकाच कानात का? मी सांगायची, दुसरा हरवला.

ठोकळा पाठव. मनगट आता दोन्ही बाजूंनी सोललं आहे.

ताई


२ जुलै

धाकटे,

पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नव्हती. कापड झटकून पाहिलं.

बाबांना द्यायच्या आधी मी ठोकळा थोडा वेळ हातात धरला. त्यांचा खळगा ओळखला. मग उलटा केला तर मागच्या बाजूलाही एक खळगा आहे, लहान, अजून उथळ. तो पूर्वी नव्हता. बाबांचा अंगठा एवढा बारीक नाही. म्हणजे तूही. यावर मी जास्त लिहीत नाही.

आता वाईट बातमी. उपयोग झाला नाही.

मी ठोकळा त्यांच्या हातात ठेवला. अंगठा खळग्यात बरोबर जाऊन बसला. मावशी म्हणाल्या, "बघा, कुलपात किल्ली बसावी तसा." मला वाटलं, सुटलो एकदाचे. बाबांनी ठोकळा फिरवला, गालाला लावला, सगळ्या बाजूंनी लावला, आणि माझ्यापुढे धरला. म्हणाले, "झालं."

मी परत दिला. त्यांनी परत केला. "झालं म्हटलं ना. पुढचं द्या."

मग मी माझा लहानपणचा ठोकळा दिला. तो तर त्यांनी गालालाही लावला नाही. नुसता बोट फिरवून बाजूला ठेवला. म्हटलं, नवे हवे असतील. सुताराकडून तुकडे कापून आणले. त्यांचे हात आता कागदासारखे पातळ झाले आहेत, कुसळ शिरलं तर आणखी एक जखम होईल, म्हणून मी दुपारी बसून एकेक तुकडा घासला. आधी जाड दाण्याचा, मग बारीक. तू पाहायला हवे होतेस, आरशासारखे झाले. इतक्या वर्षांत मी काचपेपर हातात धरला नव्हता. वास तोच. आईने मागून येऊन "झाला का तुझा राग?" म्हणावं, असं दोनदा वाटलं. दोनदाच.

बाबांनी प्रत्येक तुकडा घेतला, बोट फिरवलं, "झालं" म्हणाले आणि टेबलावर रचून ठेवला. आता टेबलावर व्यवस्थित रास आहे. "गिऱ्हाईक आलं की देऊन टाका," अशी मला ताकीद आहे. आणि रास लावून झाली, की अंगठा परत मनगटावर.

काल कुलूपवाला भेटायला आला होता. तोही बसल्या जागी एक कुलूप हातात घेऊन उघड-बंद, उघड-बंद करत असतो, तुला आठवत असेल. म्हणाला, "बाबांना हे देऊन बघा ताई, मला चाळीस वर्षं पुरलंय." बाबांनी कुलूप घेतलं, पाहिलं आणि त्याला विचारलं, "यात बिघाड काय आहे?" तो म्हणाला, "काही नाही." बाबा म्हणाले, "मग माझ्याकडे कशाला आणलंत?" आम्ही हसलो. बाबाही हसले, आपण काय विनोद केला ते न कळता.

डॉक्टर परवा हातमोजे घेऊन येणार आहेत. मी ते दवाखान्यात पाहिले. भट्टीजवळ काम करणारे घालतात तसे, आणि मनगटाशी पट्टे. आता मी तरी काय अडवणार? जखमेला वास यायला लागला आहे. कधी नव्हे ते तुला विचारते: तुला काही सुचतं का? तू वर्कशॉपातल्या कामाच्या बाकाशी माझ्यापेक्षा जास्त उभी राहिली आहेस. मी मधल्या सुट्टीतली पाहुणी होते.

ठोकळा तुला परत हवा असेल तर कळव. नाहीतर माझ्याकडे राहू दे.

ताई


११ जुलै

धाकटे,

आधी मोज्यांचं. डॉक्टरांनी आणले, घातले, पट्टे आवळले. बाबांनी हात उचलून दोन्हीकडून पाहिले आणि मला विचारलं, "बाई, हे कोणाचे?" मी खोलीतून बाहेर गेले. मावशी बाहेर येऊन म्हणाल्या, "ताई, मोहरी संपली का सगळी?" माझी मोहरीची सवय त्यांना कोणी सांगितली कोण जाणे. कुलूपवाल्याला मीच एकदा बोलले होते.

त्यानंतर तुझं पार्सल आलं. तुला उद्धट म्हणावं की काय, ठरत नाही. एक ओबडधोबड तुकडा, करवतीचे ओरखडे तसेच, कडेला कुसळं निघालेली, त्याला काचपेपर गुंडाळलेला, आणि लाकडावर पेन्सिलने चार शब्द: "ताई, तू घासू नकोस."

खरं सांगते, मी काचपेपर उचलला होता. निदान कडा तरी मारून घ्याव्यात म्हणून. मग तुझं अक्षर पाहिलं आणि खाली ठेवला. तुझं ऐकण्याचा मला सराव नाही.

मोजे काढले. तुकडा त्यांच्या हातात दिला. अंगठा नेहमीसारखा सरकला आणि मधेच अडला. बाबांनी भुवया वर केल्या. पुन्हा बोट फिरवलं. मग माझ्याकडे, म्हणजे त्या गिऱ्हाइकाकडे, जरा नाराजीनेच पाहिलं आणि म्हणाले, "हे असं कोणी टाकलं?" आणि काचपेपरसाठी हात पुढे केला. मागितला नाही. त्या जागी तो असणारच, अशा खात्रीने हात पुढे केला.

तो आवाज तू ऐकलेला नाहीस इतक्या वर्षांत. निदान त्यांच्या हातचा नाही. सर, सर, थांबून फुंकर, पुन्हा सर, सर. मावशी हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. माझ्या धुतलेल्या चादरीवर भुसा पडत होता आणि मी तो पडू दिला. मी इतके दिवस त्यांना पुऱ्या झालेल्या वस्तू देत होते, धाकटे. पुरी झालेली वस्तू बाबांनी कधी हातात ठेवली होती का? ती गिऱ्हाइकाची. तो शिसवीचा ठोकळासुद्धा त्यांच्या हिशेबाने झालेला नव्हता, म्हणूनच हातात असायचा.

पुढचं नीट वाच. मी पदरचं एक अक्षर घालत नाही. मावशी साक्षीला आहेत.

एक बाजू गुळगुळीत झाल्यावर बाबांनी तुकड्याचं टोक चाचपलं, जिथे करवत आरपार गेली तिथे. बोट वरून खाली नेलं. पुन्हा नेलं. म्हणाले, "काप डावीकडे गेलाय." मी पुढे वाकून पाहिलं. "धाकटीचा काप आहे हा. समोरून उभी राहायची ना ती. बाक एकच, मी या बाजूला. कितीदा सांगितलं, वळणाऱ्या करवतीला मनगटाने धरू नकोस, पाय बदल."

मग बराच वेळ घासलं. मग म्हणाले, "म्हणजे कापते अजून."

कुलूपवाल्याने मला सांगितलं होतं की तू कुठल्याशा ऑफिसात बसतेस. मी तेच धरून चालले होते. त्याला जाऊन विचारलं. तो कुलूप उघड-बंद करत म्हणाला, "बसते ना, सकाळी. संध्याकाळी कोणाच्या तरी शेडमध्ये मुठी करते. तुम्ही विचारलंत कुठे?" दोन्ही बाजूंचं बोलणं धरणारी माणसं अर्धंच सांगतात, हे मला इतक्या उशिरा कळलं.

तर बाबा. पुरी दुपार गेली. चारी बाजू झाल्या, टोकं झाली. तो डावीकडे गेलेला काप त्यांनी हळूहळू सरळ करत आणला, पण पुरा केला नाही, थोडा तसाच ठेवला. तुकडा गालाला लावला. डोळे मिटले. आणि मग, धाकटे, ते बोलले. आपल्या घरचा नियम होता तसाच.

म्हणाले, "वर्कशॉप धाकटीचं. दुसरं कोण चालवणार?"

मी विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंत तिला?"

ते म्हणाले, "घासून कुठे झालं होतं?"

मी चादरीवरचा भुसा गोळा करायला घेतला. थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी अदबीने विचारलं, "तुमचे दांडे तयार आहेत, बाई. न्यायला कोण येणार?"

मी म्हटलं, "धाकटी येईल."

"बरं," म्हणाले. "तिला सांगा, पुढचं लाकूड घेऊन ये."

डॉक्टरांचे मोजे मी परत पाठवले. मनगटावर खपली धरली आहे. सुताराकडून तुकडे आणते, तसेच, खडबडीत. ते बाबांच्या हातात देईपर्यंत माझी बोटं शिवशिवतात. मग बरणीत हात घालते. हो, मोहरी नवी आणली.

ताई


१५ जुलै

धाकटे,

कुलूपवाला निरोप घेऊन धावत आला, चप्पल एकाच पायात. शनिवारी दुपारच्या गाडीने येतेस म्हणे. मला थेट कळवायचं नाही आणि त्याच्यातर्फे कळवायचं, ही खोड तुझी जायची नाही.

त्याने वर्कशॉपच्या कुलपात तेल सोडून ठेवलं आहे. उघडलं मात्र नाही, मी उघडू दिलं नाही. किल्ली तुझ्या हातात देईन. लेथवर ताडपत्री आहे. उंदरांनी पट्टा खाल्ला असणार, तयारीने ये. एकटीने ते यंत्र चालवण्याबद्दल माझं मत मी बदललेलं नाही, तेव्हा भांडण होईल. खोकं दाराशी ठेवलं आहे, भरलेलं. दोघींनी आधी घासायचं.

बाबा तुला ओळखतील याची हमी देत नाही. गिऱ्हाईक समजले तर दांडे घे आणि "छान झालेत" म्हण. हात पुढे केला तर हातात हात दे. तुझे घट्टे त्यांना कळतील.

माझ्याच खोलीत झोपायचं आहे तुला, दुसरी खोली मावशींच्या सामानाने भरली आहे. पलंग तोच आहे. डूल मी अजूनही एकाच कानात घालते.

ताई